भरल्या ताटावरची उपासमार

मूल दोन्ही वेळां पोटभर जेवतें, दूध पितें. तरी हातपाय काडीसारखे, पोट तेवढें पुढें आलेलें, चेहरा पांढराफटक. अशा मुलाचें 'अन्न अंगीं लागत नाहीं' असें आपण म्हणतों. मग दृष्ट काढणें होतें, जंतांचें औषध होतें, टॉनिकच्या बाटल्या होतात. कित्येकदां कारण जंतांचेंच असतें. परंतु कांहीं मुलांत तें ताटांतल्या पोळींत दडलेलें असतें. त्या रोगाचें नांव सीलियाक.

अन्न पोटांत गेलें म्हणजे शरीरांत गेलें असें नव्हे. पाचकरसांनीं त्याचे बारीक कण केले, तरी ते रक्तांत शिरावयाचे ते लहान आंतड्याच्या अस्तरांतून. हें अस्तर गुळगुळीत नसतें. टर्किश टॉवेलावर धाग्यांचे फांस उभे असतात, तद्वत् त्यावर अर्ध्या ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर असतात. फांसांमुळेंच टॉवेल पाणी टिपतो. ते झिजून कापड सपाट झालें कीं तें पाणी नुसतें इकडून तिकडे फिरवितें. या रोगांत आंतड्याचें नेमकें तेंच होतें.

गहू, सातू व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखालीं चोळीत राहिलें कीं पिठूळ भाग वाहून जातो आणि हातांत रबरासारखा चिवट लगदा उरतो, तोच हा. वर्गांत हा प्रयोग मीं पुष्कळदां करून दाखविला. मुलांना तो फार आवडे. पोळी लाटतां येते ती या चिवटपणाच्या जोरावर; ज्वारींत तो नाहीं, म्हणून भाकरी थापावी लागते. पाचकरसांना हें प्रथिन पुरतें तोडतां येत नाहीं. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. परंतु ज्यांच्या अंगीं विशिष्ट आनुवंशिक गुण असतो, त्यांपैकीं थोड्यांची रोगप्रतिकारक शक्ति त्या उरल्या तुकड्यांना शत्रू समजून उठते, आणि त्या झटापटींत स्वतःच्याच आंतड्याचे अंकुर कापले जातात.

हा मार आंतड्याच्या आरंभींच्या भागाला अधिक बसतो, आणि लोह, फोलिक आम्ल व कॅल्शियम यांचें शोषण मुख्यत्वें तेथेंच होतें. म्हणून लोहाच्या गोळ्या महिनेच्या महिने घेऊनहि रक्त वाढत नाहीं. हाडें ठिसूळ होतात, उंची खुंटते. स्निग्ध पदार्थ न शोषतां बाहेर पडतात व आपल्याबरोबर अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वें घेऊन जातात. दुधांतील साखर पचविणारा रस अंकुरांच्या शेंड्यांवरच असतो. तो नाहींसा झाला कीं दूधहि बाधतें, आणि दोष बिचाऱ्या दुधावर येतो. सर्वांनाच जुलाब होतात असें नाहीं. कित्येक प्रौढांत नुसता पांडुरोग हीच काय ती खूण.

इंग्लंडांत सॅम्युएल गी यांनीं १८८८ मध्यें या रोगाचें वर्णन करून उपाय आहारांतच आहे असें म्हटलें होतें; पण वर्ज्य काय, हें ठरलें नव्हतें. नेदरलंड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय महायुद्धापूर्वींच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांच्या नाकेबंदीमुळें त्या देशाच्या पश्चिम भागांत भीषण उपासमार झाली, पाव मिळेना. भोंवतालचे लोक खंगत असतां हीं मुलें मात्र सुधारूं लागलीं, आणि पाव परत येतांच पुन्हा आजारी पडलीं! १९५० मध्यें डिके यांनीं या विषयावर आपला प्रबंध सादर केला.

तीं तीन धान्यें जन्मभर सोडणें हाच अजूनहि उपाय. तीं सुटलीं कीं अंकुर पुन्हा उगवतात. मुलांत लौकर, मोठ्यांत सावकाश. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी हीं सारीं निर्दोष आहेत, हें आपलें भाग्य. घोटाळा होतो तो गिरणींत. आधीं गहू दळला असेल तर मागून टाकलेल्या ज्वारींत त्याचें पीठ उतरतेंच. म्हणून अशा घरीं दळण वेगळें हवें, पोळपाट वेगळा हवा. बाजारच्या हिंगांतहि बहुधा गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. सत्यनारायणाचा शिरा नाकारणें मुलाला जड जातें, आणि 'चिमूटभर प्रसादानें काय होतें?' असें म्हणणारीं वडील माणसें घरोघर असतात. वारंवार पोटांत जाणारी चिमूटहि अंकुर झडावयास पुरते, हें त्यांना समजावून सांगावें लागेल.

मात्र संशय आला म्हणून आपल्याच मनानें गहू बंद करूं नये. रक्ताची तपासणी, आणि जरूर तर दुर्बीण घालून आंतड्याच्या अस्तराची तपासणी, गहू खाण्यांत असतांनाच करावी. एरवीं रोग असूनहि तो दिसत नाहीं. एका मुलांत तो ठरल्यास भावंडांची व आईबापांचीहि तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी, मग तीं दिसावयास कितीहि धडधाकट असोत.