पेशीचें मूळ आणि कूळ



नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. कुकडी आणि घोड यांचें मूळ आम्हां जुन्नर-आंबेगांवकरांस घाटमाथ्यावर सहज दाखवितां येतें; परंतु ज्या पेशींचें आपलें शरीर बनलें आहे, त्यांच्या मुळाविषयीं शास्त्रज्ञांत जवळजवळ पाऊणशें वर्षें वाद चालला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ स्वयंपाकघरापासून करूं. गोड्या मसाल्यांतील दगडफूल आपणां सर्वांस ठाऊक आहे. तसलींच दगडफुलें आमच्या घाटमाथ्यावर हिरड्याच्या सालीला आणि खडकांना करड्या-हिरव्या पापुद्र्यांसारखीं चिकटलेलीं असतात. पाहणारास ती एकच वनस्पति वाटते. वास्तविक तो दोन जीवांचा संसार आहे. बुरशी आसरा देते व ओल धरून ठेवते. तिच्या धाग्यांत राहणारें शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं हें सांगितलें, तेव्हां अनेक जाणत्यांनीं त्याची थट्टा केली.

पेशींतही असाच संसार थाटलेला असेल काय? पेशींचे ढोबळ प्रकार दोन. जिवाणूची पेशी लहान व साधी. तींत केंद्रक नसतें. हिरड्याच्या, बुरशीच्या व आपल्या पेशी मोठ्या. त्यांत केंद्रक असतें आणि निरनिराळीं कामें करणाऱ्या कणिकाही असतात. तंतुकणिका अन्नापासून शक्ति मिळवून देतात; पानांतील हरितकणिका अन्न बनवितात. या हरितकणिका म्हणजे मूळचे स्वतंत्र जिवाणूच होत, असें मेरेश्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १९०५ सालीं सुचविलें. फारसें कोणीं मानलें नाहीं. १९६७ सालीं लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीचा निबंध प्रसिद्ध झाला. तींनें तंतुकणिकांनाही तोच न्याय लावला होता. तत्पूर्वीं अनेक नियतकालिकांनीं तो निबंध परत केला होता.

पुरावा मात्र कणिकांतच होता. त्यांना स्वतःचीं जनुकें असतात, जिवाणूंप्रमाणें त्या दुभंगून वाढतात, आणि पेशीला त्या नव्यानें घडवितां येत नाहींत. पुढील दशकांत जनुकें ताडून पाहिल्यावर संशय फिटला. सुमारें दीडशें ते दोनशें कोटी वर्षांपूर्वीं आर्किया या, केंद्रक नसलेल्या परंतु जिवाणूंहून निराळ्या वंशाच्या, एका पेशीनें एक जिवाणू आंत घेतला. तो पचला नाहीं; घरचाच झाला. पुढें अशाच एका घरांत हिरवट-निळा जिवाणू शिरला आणि वनस्पतींचा वंश सुरू झाला. दगडफुलांतील भागीदार प्रयत्नानें वेगळे करतां येतात. येथें तें शक्य नाहीं. बहुतेक जनुकें हळूहळू केंद्रकाच्या दप्तरांत जमा झालीं. माणसाच्या तंतुकणिकेजवळ अवघीं ३७ उरलीं.

ही कुळकथा निव्वळ कुतूहलाची नव्हे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखीं औषधें जिवाणूंच्या प्रथिनें बनविणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात. तंतुकणिकांची यंत्रणा त्याच वंशाची आहे. कांहीं घराण्यांत तींत एक लहानसा बदल असतो. त्यामुळें ती जिवाणूंच्या यंत्रणेशीं अधिकच मिळतीजुळती होते, आणि औषध तिलाही बाधतें. अशा माणसाची श्रवणशक्ति थोड्याशा इंजेक्शनांनींही कायमची जाऊं शकते. आपल्या तंतुकणिका आईकडूनच येतात. म्हणून हा दोष आईच्या वाटेनेंच उतरतो. आजीस, मामास, मावशीस वा तिच्या मुलांस अशा औषधानें बहिरेपण आलें असेल, तर इंजेक्शन घेण्यापूर्वीं तें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

ऋषीचें कूळ विचारूं नये हें खरें. पेशीचें मात्र विचारावें, आणि तें आजोळीं विचारावें.