किरणांचे माप आणि मापणाऱ्याची सनद

आमलीचा कर्करोगी उपचारासाठी सुरतेस किंवा मुंबईस जातो, तेव्हा डॉक्टरांचे नाव त्याच्या घरात सर्वांस ठाऊक होते. यंत्रातून किरण किती वेळ सोडावयाचे, याचा हिशेब मांडणाऱ्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचे नाव मात्र कोणी विचारीत नाही.

हा हिशेब चुकल्यास काय होते, हे कोस्टारिकातील सान होसे येथे १९९६ साली दिसून आले. कोबाल्टचा नवा स्रोत बसवून त्याचे मापन करताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असे धरले गेले. वस्तुतः ते १८ सेकंद. विद्यार्थ्याच्या वहीतील अशी चूक तांबड्या शाईने सुधारता येते. तेथे मात्र स्रोत होता त्याहून क्षीण भासला, रुग्णांना यंत्राखाली अधिक वेळ ठेवण्यात आले आणि सुमारे ११५ जणांना दीडपटीच्या वर किरण मिळाले. त्यांतील काही त्यामुळेच दगावले. यंत्रात काही दोष नव्हता.

आपल्याकडे या विद्येचे शिक्षण तुर्भ्याच्या अणुकेंद्रात १९६२ पासून दिले जाते. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. भौतिकशास्त्राची एम. एस्सी., त्यानंतर किरणोत्सर्गी भौतिकीची पदविका आणि वर्षभराची उमेदवारी, अशी पात्रता मंडळाने घालून दिली. ती कमी म्हणता येणार नाही. रुग्णालयाच्या किरणसुरक्षा अधिकाऱ्यालाही मंडळाची मान्यता लागते. पण या व्यवस्थेचा रोख यंत्रावर आणि संस्थेवर. डॉक्टरांची नावे वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असतात, तशी नोंदवही या शास्त्रज्ञांसाठी नव्हती. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने त्यांचा उल्लेख केला आणि राज्यपरिषदांनी नोंदणी करावी असे ठरविले. फार उशिरा, पण योग्य दिशेने.

अमेरिकेतही टेक्सस, फ्लॉरिडा, न्यूयॉर्क अशी मोजकीच राज्ये त्यांना स्वतंत्र परवाना देतात. आपल्याकडे असे तुकडे पडू नयेत. मुंबईस जाणारा आमलीकर वाटेत गुजरात ओलांडून महाराष्ट्रात शिरतो, आणि हद्दीगणिक कसोटी बदलणे त्याच्या हिताचे नाही.

शिवाय नोंदणी एकदाच करून भागणार नाही. कोबाल्टचे तेज महिन्याला सुमारे एक टक्क्याने उतरते, म्हणून त्याचे माप पुनःपुन्हा घ्यावे लागते. ते दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे पडताळणे तितकेच आवश्यक. जेथे एकच शास्त्रज्ञ आहे, अशा लहान रुग्णालयात ही पडताळणी कोणी करावी, हे परिषदांनी नियमांतच लिहून ठेवावयास हवे.