ओढणारा पंप, ढकलणारा पंप



मी मूळचा विट्याकडचा. आमच्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली, त्यातलाच मी एक. कुंभकोणमला माझं गलाईचं दुकान आहे. तुम्ही म्हणाल, मग हा आज डिझेल गाडीच्या पंपावर का बोलतोय? कारण एका रात्री त्या पंपापायी माझं सगळं घर घाटात अडकलं होतं.

गावची जत्रा होती. जुनी डिझेल जीप, आत आई, बायको, दोन मुलं आणि मेव्हणा. कुंभकोणम ते विटा म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. तंजावर, त्रिची, सेलमपर्यंत गाडी झकास चालली. सेलम सोडून धर्मपुरीकडे तोप्पूरचा घाट लागला आणि निम्म्या चढावर इंजिन आचके देऊन बंद पडलं. मागून मालट्रक येत होते. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एकदोनदा दाबल्यावर संपते, मग पेडल दगडासारखं होतं. मेव्हण्यानं उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. फिल्टरवरचा हातपंप मारून, हवा काढून गाडी सुरू केली. पुढच्या मोठ्या चढाला पुन्हा तेच.

वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "इलेक्ट्रिक पंप बसवा, काम खल्लास." मी परत आल्यावर पंप विकतही घेतला. आमच्या गल्लीत एक निवृत्त बस मेकॅनिक राहतात. तमिळनाडूच्या सरकारी बस महामंडळांपैकी एकाचं मुख्यालय कुंभकोणमलाच आहे, त्यामुळे अशी जाणती माणसं गावात भेटतात. त्यांच्याकडे पंप घेऊन गेलो. ते म्हणाले, "तंबी, तू सोनं कस न लावता घेतोस का? मग रोग न बघता औषध का आणलंस?"

मग त्यांनी मला जे समजावलं, ते सांगतो.

जुन्या बसच्या इंजिनात डिझेलच्या मुख्य पंपाला एक छोटा फीड पंप जोडलेला असतो. तो टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलतो. माझ्या जीपला रोटरी पंप. त्याच्या पोटातच पात्यांचा एक पंप असतो, तोच थेट मागच्या टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून इंजिनपर्यंतची सगळी नळी ओढीखाली, जशी उसाच्या रसाच्या ग्लासातली स्ट्रॉ. स्ट्रॉला बारीक चीर असली तर रस बाहेर सांडत नाही, हवा आत येते. नळीचंही तसंच. रबर तडकलं, क्लिप सैल झाली, फिल्टरचं वायसर वाळलं, तरी खाली एक थेंब दिसत नाही.

मग सपाटीवर का चाललं? कावेरीच्या खोऱ्यात चढच नाही. घाटात इंजिनला डिझेल जास्त लागतं, शिवाय गाडीचं तोंड वर होतं आणि टाकी पंपाच्या आणखी खाली जाते. ओढ वाढली की त्याच चिरेतून जास्त हवा येते.

तपासणी दोन प्रकारे केली. आधी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावली. इंजिनचा वेग वाढवला की बुडबुडे दिसायचे. मग स्वच्छ डिझेलचा कॅन बोनेटपेक्षा उंच टांगून त्यातून थेट पंपाला डिझेल दिलं. इंजिन कितीही रेस केलं तरी ठणठणीत. म्हणजे मुख्य पंप चांगला, दोष टाकीकडच्या वाटेत. मागच्या ॲक्सलच्या वर लोखंडी नळी आणि रबर जिथं जुळतात, तिथं रबर तडकलेलं सापडलं. हातभर नळी आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च.

मी म्हणालो, "मग हा पंप परत देऊ?" अण्णा म्हणाले, "आता बसव. आता तो रोग झाकणार नाही, दाखवेल."

बसवताना त्यांनी पाच गोष्टी पाळल्या. पंप टाकीजवळ आणि शक्यतो टाकीच्या पातळीखाली, कारण असे पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चे. त्याच्याआधी जाळी, मुख्य फिल्टर नंतर. पंप डिझेलला चालणारा आणि कमी दाबाचा. पेट्रोल इंजेक्शन गाडीचा पंप ३ बारच्या आसपास दाब देतो, तो लावला तर रोटरी पंपाचं सील जाऊ शकतं. वायरिंगला फ्यूज आणि रिले, शिवाय ऑइल प्रेशरचा स्विच, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबतो. आणि पंप बंद पडला तरी डिझेल पुढे जाईल अशी बाजूची वाट, त्यात एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह.

आणि एक. हे जुन्या गाड्यांचं झालं. कॉमन रेल गाडीत असा प्रयोग घरी करू नका. तिथं कंपनीनं ठरवलेली व्यवस्था असते, तीच दुरुस्त करून घ्या.

काही महिन्यांनी सकाळी दुकानाला निघालो तर जीपखाली डिझेलचा रुपयाएवढा डाग. आणखी एक जोड सैल झाला होता. पूर्वी त्यानं गुपचूप हवा ओढली असती आणि मला घाटातच कळलं असतं. आता नळीत दाब आहे, म्हणून डिझेल बाहेर आलं आणि दारातच कळलं. क्लिप आवळली, पाच मिनिटांचं काम. पण डाग दिसला की त्याच दिवशी खाली वाकून बघायचं, एवढं पथ्य पाळावं लागतं. पंप आहे म्हणून डागाकडे डोळेझाक केली, तर तोही एक दिवस घाटातच सोडेल.

त्यानंतर त्याच घाटातून जत्रेला गेलो. आई मागं बसली होती. चढ संपल्यावर तिनं विचारलं, "गेला का रं तो घाट?"

म्हटलं, "गेला, आई."