औंधच्या डोंगरावरचे रविवर्मा

राजा रविवर्मा जन्मले 1848 साली, केरळातल्या किळिमानूरला. युरोपीय तैलरंगांत त्यांनी आपली पुराणं रंगवली. 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर आल्या. पण छापील चित्र वेगळं, मूळ तैलचित्र वेगळं! त्यासाठी सातारा जिल्ह्यातलं औंध गाठावं. यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालयात त्यांची ‘सैरंध्री’ आहे, म्हणजे विराटाघरी दासी झालेली द्रौपदी. तिच्यापुढून पाय निघत नाही. हे संग्रहालय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं. राजे स्वतःही चित्रकार! रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलजवळ, कारखान्यासाठी जागा दिली तीही औंध संस्थानानंच.