पलीकडच्या खोलीचा धनी कोण?

भाषा मराठी असो की तमिळ, कोणत्याही जिल्ह्याच्या कचेरीत आज एक वाक्य हमखास कानी पडतं : ‘साहेब व्हीसीत आहेत.’ व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. कचेरीने हा शब्द स्वीकारला, यंत्रही स्वीकारलं. पण या व्हीसीत चालतं काय ते जरा जवळून पाहू. पडद्यावर पंचवीस-तीस चौकोन असतात. मुख्यालयातून एका तालुक्याचं नाव पुकारलं जातं. तिथला अधिकारी बोलू लागतो, पण माइक बंद. तो सुरू होईपर्यंत वरच्यांनी पुढचा प्रश्न विचारलेला असतो. ज्याच्याकडे खरी आकडेवारी असते तो अव्वल कारकून कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभा राहून साहेबांच्या कानात पुटपुटतो. ‘होय सर, आठवड्यात करतो’ असं उत्तर जातं आणि चौकोन पुन्हा मूक होतो. दुसऱ्या दिवशी मुख्यालयाच्या लेखी तो आदेश असतो आणि तालुक्याच्या लेखी ती नुसती चर्चा. या गोंधळाचं खापर आपण सहसा इंटरनेटच्या माथी मारतो. माझं म्हणणं वेगळं आहे. व्हीसीची खरी अडचण पलीकडच्या खोलीत आहे. त्या खोलीत कोण बसलं आहे, कोण पुटपुटतं आहे, ऐकू आलं की नाही हे कोण सांगणार आणि ठरलेलं कोण लिहून घेणार, याला धनी नेमलेला नसतो. तो नेमल्याशिवाय हे यंत्र कचेरीत बसवता येईल, रुजवता यायचं नाही.

तंत्र सुधारलं की सगळं सुधारेल, हा पहिला आक्षेप. तो जुना आहे. अमेरिकेच्या ‘एटी अँड टी’ कंपनीने 1964च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चित्र दाखवणारा टेलिफोन मांडला आणि 1970मध्ये पिट्सबर्ग शहरात तो कचेऱ्यांना विकायलाही काढला. भाडं महिन्याला 160 डॉलर. गिऱ्हाइकं मिळाली नाहीत आणि थोड्याच वर्षांत ते दुकान आवरावं लागलं. आता भाडं जवळजवळ शून्यावर आलं आहे आणि चित्रही स्वच्छ दिसतं, तरी थकवा आहेच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलन्सन यांनी 2021मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली : अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सारखा समोर, जागेवर खिळून बसणं, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणाही मुद्दाम कराव्या लागणं. यातलं एकही कारण जलद इंटरनेटने जाणारं नाही. 2022मध्ये मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. पाच देशांतल्या अभियंत्यांवरही त्यांनी प्रयोग केला होता. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना पडद्यावरच्या जोड्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. मात्र सुचलेल्या कल्पनांतून निवड करण्यात पडद्यावरचे मागे पडले नाहीत. माझ्या मते हा निष्कर्ष प्रत्येक कार्यालयप्रमुखाने टेबलावर लावून ठेवावा. नवं काही सुचायला हवं असेल तर माणसं एका खोलीत आणा. मांडून ठेवलेल्यातून ठरवायचं असेल तर पडदा चालेल. आपल्याकडे बऱ्याचदा उलट होतं. विचारमंथन पडद्यावर चालतं आणि एका सहीसाठी माणूस रात्रीच्या गाडीने राजधानीला पाठवला जातो.

पलीकडच्या खोलीचा विचार कोणत्या कार्यालयाने नीट केला, असा शोध घेतला तर उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडतं. आपल्या देशात सर्वांत मंद म्हणून बदनाम असलेली कचेरी म्हणजे कोर्ट. मुंबईतल्या एका खटल्यात कर्करोगाच्या रुग्णावरील शस्त्रक्रियेबद्दल निष्काळजीपणाचा आरोप होता. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मत महत्त्वाचं होतं. ते भारतात यायला तयार नव्हते, व्हिडिओवर साक्ष द्यायला मात्र राजी होते. खालच्या कोर्टाने परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि 1 एप्रिल 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालाने ती पुन्हा दिली. (याच प्रकरणात 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शल्यविशारदांना फौजदारी दोषातून मुक्त केलं, हेही सांगायला हवं.) साक्ष आरोपीच्या ‘समक्ष’ व्हायला हवी असं कायदा म्हणतो, तर समक्ष असण्यासाठी देहानेच हजर असायला हवं असं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. या निकालाचा हाच भाग सगळे सांगतात. मला त्याच्या पुढचा, कमी वाचला जाणारा भाग मोलाचा वाटतो. साक्षीदार बसेल त्या खोलीत एक अधिकारी हजर राहील, भारतातून गेलेला किंवा तिथल्या वकिलातीतला. खोलीत दुसरं कुणी नाही आणि साक्षीदाराला कुणी पढवत नाही, हे त्याने पाहायचं. म्हणजे पडद्यावर विश्वास ठेवताना न्यायालयाने पडद्यामागच्या कानाकोपऱ्याचीही जबाबदारी एका माणसावर टाकली. पुढे न्यायालयांच्या व्हीसी-नियमांत याचीच पद्धत झाली. दोन्ही टोकांना समन्वयक नेमायचा. पलीकडचं टोक तुरुंगात असेल तर तुरुंगाचा अधिकारी, रुग्णालयात असेल तर तिथला. आपल्या कचेरीतला तो पुटपुटणारा कारकून आठवा. कोर्टाच्या नियमाने एक तर त्याला बाहेर जावं लागेल, नाहीतर नावानिशी कॅमेऱ्यासमोर बसावं लागेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी उत्तर जास्त खरं येईल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. माणसं समोरासमोर बसली की जे घडतं त्याला पर्याय नाही, असं म्हणणारे काही जुनाट विचारांचे नसतात. 9 ऑक्टोबर 2017 रोजी ‘शांतिनी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती याच प्रश्नावर दुभंगले. बहुमताने सांगितलं की पती-पत्नीत समेट घडवण्याच्या टप्प्यावर व्हीसी नको; समेट फसला आणि दोघांची संमती असली तरच त्यानंतर ती वापरावी. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवलं : दूरच्या कोर्टात येणं ज्या स्त्रीला परवडत नाही किंवा सुरक्षित वाटत नाही, तिच्यासाठी ही सक्तीच न्यायाच्या आड येते. समेटाला सान्निध्य लागतं हे मी मान्य करतो. पण सान्निध्य पुरतं, हे मान्य करत नाही. ज्या तंजावरात आपण बसलो आहोत, त्याचाच इतिहास पाहा. 1677मध्ये शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे कोळ्ळिडम नदीकाठी, तिरुमळवाडीला, समोरासमोर भेटले. सख्ख्या बापाच्या दौलतीचा वाटा हा विषय. दोघे भाऊ, एक छावणी, मधे कसलाच पडदा नाही. तरी बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे रातोरात नदी उतरून तंजावरला निघून गेले. पुढे लढाईही झाली. तह जुळला तो पत्रांनी, आणि रघुनाथ नारायण हणमंते यांच्या मध्यस्थीने. हणमंते हे व्यंकोजीराजांच्या पदरी कारभार पाहिलेले, तिथून रुसून महाराजांकडे गेलेले; दोन्ही खोल्यांची आतली मांडणी त्यांना ठाऊक होती. तहात कलमं पडली, दीपाबाईंच्या चोळी-बांगडीसाठी बेंगळुरूकडचा मुलूखही त्यात लिहिला गेला. भेटीने जे साधलं नाही ते कलमांनी साधलं. कुणी म्हणेल, ते तलवारीच्या धाकाने साधलं. धाक होताच, पण धाकाने पराभव होतो, कलमवार वाटणी होत नाही. तिला दोन्हीकडच्या भरवशाचा माणूस आणि कागद लागतो.

कागदाचा मुद्दा आला म्हणून एक बाब सांगतो. एप्रिल 2020मध्ये टाळेबंदीत सर्वोच्च न्यायालयाने व्हीसीसाठी जे निर्देश दिले, त्यांत मदत-क्रमांकाची एक बारीक तरतूद आहे. आवाज किंवा चित्र नीट नसेल तर तक्रार सुनावणी चालू असताना, फार तर संपताक्षणी करायची. मागाहून केलेली ऐकली जाणार नाही. ‘मला ऐकूच आलं नव्हतं’ ही व्हीसीतली सर्वांत सोयीची पळवाट इथे बंद होते, आणि ज्याला खरंच ऐकू आलं नाही त्याला भर बैठकीत बोलण्याचा हक्क मिळतो. हाताखालच्या माणसाला वरिष्ठांचं बोलणं मधेच तोडून ‘आवाज येत नाही’ म्हणणं आपल्याकडे किती अवघड जातं, ते नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. नियम असला की उद्धटपणाचा ठपका येत नाही. ज्यांच्याकडे साधनं नाहीत अशा पक्षकारांची सोय न्यायालयांनी करायची, हेही त्याच निर्देशांत होतं. कार्यालयं याच्या उलट वागली. डेटा कर्मचाऱ्याचा, फोन त्याचा, जागा त्याच्या घराची, आणि कॅमेरा चालू ठेवण्याचा हुकूम मात्र कंपनीचा. दोन खोल्यांच्या घरात मुलांची शाळा आणि आईचं ऑफिस एकाच वेळी भरलं, तेव्हा ती पलीकडची खोली कुणाच्या हिशेबातच नव्हती.

एवढं सगळं लिहिलेलं असूनही न्यायालयांत तरी व्हीसी टिकली का? पूर्ण नाही. साथ ओसरल्यावर अनेक उच्च न्यायालयांनी ती गुंडाळायला घेतली, आणि 6 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला की दोन आठवड्यांनंतर कोणत्याही उच्च न्यायालयाने वकील-पक्षकारांना ही सोय नाकारू नये. सवयीची ओढ अशी असते. माणूस दारात ताटकळला की अधिकार दिसतो, पडद्यावर तो दिसत नाही, हेही एक कारण मला वाटतं. ते कुणी उघडपणे लिहीत नाही. याची किंमत आपल्या तंजावरला ठाऊक आहे. 2004पासून इथली अपिलं मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाकडे जातात. चेन्नईपेक्षा ते जवळ, तरी दीडशे किलोमीटरांहून लांबच. पुढची तारीख घेण्यापुरतं काम असेल तर वकिलाचा दिवस आणि अशिलाचे पैसे रस्त्यावर जातात. असं काम पडद्यावर व्हावं याला मला एकही सबळ विरोध दिसत नाही.

शेवटचा आक्षेप : समन्वयक, नोंदी, तक्रारीची वेळ एवढं लचांड दर बैठकीला लावलं तर व्हीसीतला सुटसुटीतपणा राहील का? दोन सहकाऱ्यांनी पाच मिनिटं बोलण्यासाठी यातलं काहीही लागत नाही, आणि तिथे कुणी ते लावूही नये. पण ज्या बैठकीतून आदेश निघतो, पगार-बढती ठरते, एखाद्याची चौकशी होते, तिथे हे लचांड नाही. एरवी त्याच कामाला आपण सह्यांचं रजिस्टर ठेवतोच की. अडतं ते माणसापाशी. कॅमेरा, पडदा, जोडणी यांची खरेदी एकदाच होते आणि तिचा फोटोही निघतो. पलीकडच्या टोकाला अर्धा तास आधी येऊन माइक तपासणारा, खोलीत कोण आहे ते नोंदवणारा आणि ठरलेलं त्याच दिवशी दोन्हीकडून वाचून घेणारा माणूस मात्र दर वेळी लागतो. सध्या हे काम जो कारकून करतो, तो आपलं टेबल सोडून करतो, आणि त्या टेबलावर साचलेल्या फायलींचा जाब पुढच्या व्हीसीत त्यालाच विचारला जातो. त्याच्या कामाच्या वाटणीत हे काम लिहून देणं आणि त्यापुरतं दुसरं काम कमी करणं, एवढा एक आदेश कोणताही कार्यालयप्रमुख उद्या काढू शकतो. त्याला निविदा लागत नाही.