खुळ्या प्रश्नांचा खेळ



बक्षीस-समारंभात पाहुण्याने उपदेश करावा अशी आपल्याकडे रीत आहे, आणि त्या वेळी विद्यार्थ्यांनी अल्पोपाहाराचा विचार करावा हीही रीतच आहे. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून मी एका खेळाविषयी व एका बँडविषयी बोलणार आहे. माझी मुलगी अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहरी नोकरीस असते. तिच्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन वेळा राहण्याचा योग आला. तेथील शनिवारांनी मला जे शिकवले ते आपल्यापुढे ठेवतो.

तेथे शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल. नाव फुटबॉल, पण चेंडू लंबगोल आणि बहुतेक वेळ हातात! याचे कारण इतिहासात सापडते. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. त्या वेळी चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती. एकेका बाजूला २५ गडी होते आणि रटगर्सने ६-४ असा विजय मिळवला. पुढे नियम पालटले, चेंडू हातात आला, गडी अकरा झाले. नाव मात्र तेच राहिले. आपल्याकडे नाही का, पिढ्यांमागे धंदा सुटतो, पण आडनाव राहते!

खेळाचा गाभा सोपा आहे. मैदान १०० यार्डांचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, न जमल्यास चेंडू दुसऱ्या पक्षाकडे. घड्याळाप्रमाणे हा खेळ ६० मिनिटांचा. पण संपायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. कारण दर थोड्या वेळाने सारे गडी घोळका करून, डोक्याला डोके लावून, काहीतरी कुजबुजत राहतात.

मी मुलीला विचारले, "ही मुले सारखी काय कुजबुजतात गं?" ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही खेळ बघा ना!" मग मी तोच प्रश्न शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना विचारला. त्यांना तो फार आवडला.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. वॉशिंग्टन शहरात गॅलॉडेट नावाचे कर्णबधिरांचे विद्यापीठ आहे. १८९०च्या दशकात तेथील पॉल हबर्ड नावाचा विद्यार्थी संघाचा सूत्रधार होता. तो हातांच्या खुणांनी गड्यांना डाव सांगे. परंतु समोरचा संघही कर्णबधिरांचाच असला, म्हणजे त्या खुणा त्यालाही वाचता येत! मग हबर्डने गड्यांचे कडे केले आणि आतल्या आत खुणा केल्या. या घोळक्याचे श्रेय त्याला दिले जाते. आज कान शाबूत असणारे सारे संघ कर्णबधिर मुलांची ही युक्ती वापरतात आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसते.

त्या दिवसापासून मी खुळे प्रश्न विचारण्याचा सपाटाच लावला.

सामन्याच्या मध्यंतरात बँड येतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचे मैदान १९२२ साली खुले झाले. तेथे आज लाखाहून अधिक माणसे बसतात आणि त्यांतली कित्येक या बँडसाठी येतात. १९३४ पासून या बँडात केवळ पितळी वाद्ये आणि ढोल आहेत. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही. एकामागे एक चालत, वाजवत, ही मुले मैदानावर वळणदार इंग्रजी अक्षरांत 'ओहायो' असे नाव लिहितात. हा प्रघात १९३६ पासूनचा. त्यातील 'आय' या अक्षरावर टिंब होऊन उभे राहण्याचा मान सूझाफोन वाजवणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याला मिळतो. तो ऐटीत जागेवर येतो, दोन्ही बाजूंना लवून सलाम करतो आणि लाख माणसे गर्जना करतात. गोल न करता अशी दाद मिळवणारा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. रेकॉर्डवरचा बँड कानाला ऐकू येतो. समोरचा बँड छातीत ऐकू येतो.

मी एका बँडवाल्या मुलाला विचारले, "वाजवता वाजवता चालता, तरी रांग वाकडी कशी होत नाही?" तो म्हणाला, "पाच यार्डांत आठ पावले." अमेरिकेतील बँडांचे हे रूढ माप आहे. हिशेब करा, एक पाऊल साडेबावीस इंचांचे! उंच मुलाने आखडते घ्यायचे, बुटक्याने लांब टाकायचे. पाच-पाच यार्डांवरच्या पांढऱ्या रेषा खेळासाठी आखलेल्या; बँडने त्यांची फूटपट्टी केली.

आता सर्वांत खुळा प्रश्न. सभ्य मंडळींनी क्षमा करावी. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाच्या एका साहाय्यक प्रशिक्षकाने डॉ. रॉबर्ट केड यांना विचारले की, सामना चालू असता आमच्या मुलांना लघुशंका का होत नाही? केड हे मूत्रपिंडाचे डॉक्टर. ते हसले नाहीत, कामाला लागले. घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात आणि त्यांची भरपाई होत नाही, हे त्यांनी ओळखले. पाणी, मीठ व साखर यांचे पेय तयार केले. ते तोंडात धरवेना, तेव्हा बाईसाहेबांनी, म्हणजे केड यांच्या पत्नीने, लिंबाचा रस घालण्यास सुचवले! त्या संघाचे नाव 'गेटर्स', त्यावरून ते पेय 'गेटोरेड' म्हणून जगभर गेले. आपल्या घरचे मीठ-साखरेचे लिंबू सरबत आठवावे. आतड्यातून मीठ व पाणी शोषले जाण्यास साखरेची मदत होते. हेच तत्त्व धरून १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले.

मित्रहो, एक प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. १९०५ च्या सुमारास या खेळात इतके तरुण दगावू लागले की, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली, रेटारेटी कमी व्हावी म्हणून. आज शिरस्त्राण आहे. त्याने कवटी वाचते, पण आतला मेंदू हादरायचा तो हादरतोच. वर्षानुवर्षे असे आघात होऊन काही खेळाडूंना मेंदूचा असा विकार जडतो की, त्याचे पक्के निदान मृत्यूनंतरच होते. मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, "आपला नातू खेळतो का?" ते क्षणभर मैदानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तो बँडमध्ये आहे."

लाख माणसे ओरडत असताना "या पोराचे डोके ठीक आहे ना?" असे विचारणारा खुळाच ठरतो. वर्गात उठून "सर, असे का?" म्हणणाऱ्या मुलालाही आपण असेच हसतो आणि तो पुन्हा उठत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्याला बसवू नका. उत्तर येत नसेल तर "उद्या शोधून आणू" एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.