डिले वाढवण्याआधी

श्रोतेहो, स्टेपर मोटरवर चालणारं यंत्र चुकीच्या जागी थांबलं, की प्रोग्राम लिहिणारा बहुधा पहिलं काय करतो? दोन पावलांमधला डिले, म्हणजे थांबा, वाढवतो. चाल मंदावते, चूक कमी झाल्यासारखी वाटते आणि प्रोग्राम सुधारला असं समजून वही मिटते. आजची पाच मिनिटं या सवयीसाठीच आहेत. यंत्र किती मिलिमीटर चुकलं, कुठे चुकलं, दर खेपेला तेवढंच चुकलं का, हे मोजल्याशिवाय प्रोग्राममधली एक ओळही बदलू नये.

साध्या स्टेपरच्या जोडणीत परत खबर आणणारं काही नसतं. मोटर कुठे आहे हे प्रोग्रामला कळत नाही. आपण किती पल्स पाठवल्या एवढंच त्याला ठाऊक.

वीज गेल्यावर अंधारात माठाकडे निघालेली आजी आठवावी. उंबरठ्यापासून बारा पावलं, हा तिचा हिशेब. वाटेत कुणी पाट ठेवलेला असतो. ठेच लागते, एक पाऊल जागच्या जागी पडतं, पण मनातली मोजणी पुढेच जाते. बारा म्हणून ती हात पुढे करते, तर माठ लागत नाही. तिची मोजणी बरोबरच होती. पाऊल अडलं होतं.

आता आकडे. नेहमीची मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. मोटर चालवणारा ड्रायव्हर सोळा मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे एका पावलाला सोळा पल्स, तर फेऱ्याला ३२०० पल्स लागतात. एका फेऱ्यात गाडा ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू असेल, तर मिलिमीटरला ४०० पल्स.

५० मिलिमीटर सांगितल्यावर गाडा ४९ गेला आणि १०० सांगितल्यावर ९८, तर चूक प्रमाणात आहे. मिलिमीटरला किती पल्स, हा आकडाच चुकलाय. तिथे डिले वाढवून काय होणार? ८० मिलिमीटरपर्यंत सारं सुरळीत आणि ९० सांगताच गाडा उलटा पळाला, तर मोटरला दोष देऊ नये. ९० मिलिमीटरला ३६,००० पल्स होतात आणि अर्दुइनो ऊनोवर 'इंट'मध्ये ३२,७६७ च्या पुढे आकडा मावत नाही. तिथे 'लाँग' हवा.

चूक अवचित येते आणि ०.१६ मिलिमीटरच्या पटीत असते, तेव्हा मात्र आजीला ठेच लागलेली असते. या मोटरच्या रोटरला ५० दाते असतात. पकड सुटली की तो चार पूर्ण पावलांच्या, म्हणजे ७.२ अंशांच्या पटीतच पुन्हा पकड घेतो. या स्क्रूवर ते बरोबर ०.१६ मिलिमीटर. मग स्क्रू कुठे जाम होतोय का, ड्रायव्हरचा करंट कमी ठेवलाय का, हे पाहावं. वेग वाढतो तसा मोटरचा जोर घटतो, कारण कॉइलमध्ये करंट भरायला वेळच मिळत नाही. उभ्या आजीला हाताला धरून एकदम धावायला लावलं तर ती अडखळणारच. वेग हळूहळू चढवावा, हळूहळू उतरवावा.

आणखी एक. दोष शोधायला म्हणून लूपमध्ये सिरियल पोर्टवर मजकूर छापणारी ओळ घातली जाते. ९६०० बॉडला एका अक्षराला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. बफर भरला की प्रोग्राम खोळंबतो, धावती मोटर थबकते आणि पुढच्या पल्सबरोबर पुन्हा पूर्ण वेगात ढकलली जाते. शोधायला घातलेल्या ओळीनेच पावलं सुटतात!

चूक प्रत्येक ये-जा फेरीला तेवढीच वाढत असेल, तर दिशेचा सिग्नल बघावा. आजीने वळून पाय रोवायच्या आत पुढचं पाऊल टाकायला लावलं तर ते जुन्याच दिशेला पडतं. काही ड्रायव्हरना दिशा बदलल्यावर पल्सआधी ५ मायक्रोसेकंद लागतात. एकाच बाजूला वळताना एक पल्स उलटी गेली, तर फेरीमागे फरक एका पल्सच्या दुप्पट, म्हणजे ०.००५ मिलिमीटर, २०० फेऱ्यांनी पूर्ण १ मिलिमीटर. इथे थांबायचं आहे, पण फक्त दिशा बदलल्यावर, तेही ५ मायक्रोसेकंद.

म्हणून पुन्हा तेच: आधी मोजमाप, मग प्रोग्राम. ठरावीक वेगाला मोटर थरथरते आणि तिथेही पावलं सुटतात, पण त्या रेझोनन्सचा विषय आज या वेळात बसत नाही. तोवर वर्कशॉपमधल्या मुलांनी होम स्विचपाशी डायल गेज बसवावा, गाड्याला १०० मिलिमीटरच्या वीस फेऱ्या घालायला लावाव्यात आणि दर फेरीचा आकडा वहीत लिहावा.